पीण्याच्या शेडमधला पिंजरा आणि माझं कराटे

मिरजेहून बंगळुरूला थेट गाडी आहे. दुपारी बसलं की सकाळी यशवंतपूरला उतरता येतं, आणि स्लीपरचं तिकीट कुणालाही परवडेल असं आहे. तरी बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी बंगळुरू पाहिलं नव्हतं, कारण तिकडे माझं काही काम नव्हतं. या वर्षी काम निघालं. माझी जुनी विद्यार्थिनी गार्गी तिथे पिंजऱ्यात उतरून मारामारी करणार होती.

मी मिरजेत एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचा वर्ग घेते. गार्गी नऊ वर्षांची असताना आली आणि बारा वर्षं माझ्याकडे शिकली. ब्लॅक बेल्ट, राज्य पातळीवरची दोन पदकं. त्याच काळात इंजिनिअरिंग, आणि आता बंगळुरूला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. तिची आई मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. एके दिवशी ती ड्युटीच्या कपड्यांतच माझ्याकडे आली आणि फोनवर एक पोस्टर दाखवलं. त्यात गार्गी मुठी आवळून उभी होती, मागे सिंह, आग आणि इंग्रजीत ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’. आईचं म्हणणं एवढंच होतं की ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल, तिला परत आणा. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या पोस्टरचा तिच्या आईपेक्षा जास्त राग आला होता.

शनिवारी सकाळी यशवंतपूर. स्टेशनबाहेर इडली-वडा मिळतो, उभ्या उभ्या खायचा. चटणी पातळ असते, पण लाजू नका, ती पुन्हा पुन्हा वाढतात. गार्गी येलहंकाला राहते आणि तिकडे मेट्रो नाही, त्यामुळे रिक्षा किंवा बस. रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्यावर ‘स्वल्प कमी करा, अण्णा’ म्हटलं की तो हसतो आणि काहीच कमी करत नाही.

दार उघडणारी गार्गी मला ओळखू आली नाही. गाल बसलेले, ओठ फुटलेले. मी आजारी आहेस का विचारलं, तर म्हणाली, वजन उतरवतेय. संध्याकाळी वजन होणार होतं आणि ठरलेल्या आकड्यात बसण्यासाठी तिने आदल्या दुपारपासून पाणी प्यायलं नव्हतं. आईने दिलेला लाडवांचा डबा तिने उघडून वास घेतला आणि पुन्हा बंद केला. लढण्याआधी स्वतःला तहानेने अर्धमेलं करायचं, ही कोणती विद्या, असं मी तिथेच विचारलं. तिने माझ्यासाठी चहा ठेवला.

तिची जिम जवळच होती, एका फरशीच्या दुकानाच्या वर. आत शिरताना कुणी नमस्काराला वाकत नव्हतं, चपला वाटेल तिथे पडलेल्या, आणि स्पीकरवर कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. पोरांच्या टी-शर्टांवर ‘वॉरियर’ असं छापलेलं होतं. त्यांतले निम्मे लॅपटॉपच्या बॅगा घेऊन आले होते. तिचे कोच पन्नाशीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गृहस्थ शांत निघाले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि हिंदीत म्हणाले, की गार्गीची लाथ तुमचीच आहे, मी त्या लाथेत काही बदललेलं नाही. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

वजनाचा कार्यक्रम संध्याकाळी पीण्यात, जिथे दुसऱ्या दिवशी लढती होत्या तिथेच. पीण्या म्हणजे कारखान्यांची वस्ती. लेथ, पत्रे, वंगणाचा वास, आणि मधेच एका रिकाम्या शेडमध्ये जाळीचा आठकोनी पिंजरा. वजन झालं की दोन लढवय्ये समोरासमोर येऊन एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघतात. एका जोडीने कपाळाला कपाळ भिडवलं, शिव्या दिल्या, मग फोटोग्राफर म्हणाला की फोकस गेला, परत करा. दोघांनी पुन्हा तोच द्वेष, त्याच शिव्यांसकट, करून दाखवला. नंतर एकाच बाटलीतून पाणी प्यायले. आमच्या गावच्या जत्रेत मौत का कुआँवाला इतकं नाटक करत नाही, आणि तो खरोखर मरू शकतो.

त्या संध्याकाळी गार्गीने तीन लाडू खाल्ले. खाऊन झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, ही कला नाही, तमाशा आहे. यात गुरू नाही, मर्यादा नाही, समोरच्याला नमस्कारही नाही. तुझी आई झोपत नाही. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली,

“बाई, बारा वर्षांत मला कुणी एकदा तरी खरं मारलं का?”

मी म्हटलं, नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

“मग मला येतं की नाही, हे मला कसं कळणार?”

यावर मी काहीतरी लांबलचक बोलले. त्यातलं आता एक वाक्यही आठवत नाही.

रविवारी दुपारी लढती. जाणार असाल तर मेट्रोने पीण्याला उतरा, पुढे रिक्षा. कानात घालायला कापूस न्या आणि पुढच्या रांगेचं तिकीट काढू नका. तिथून जाळीशिवाय काही दिसत नाही. धुराचं यंत्र होतं, लाल दिवे होते, आणि एक निवेदक होता जो दर पाच मिनिटांनी लोकांना विचारत होता की तुम्हाला रक्त बघायचंय का. लोक हो म्हणत होते. बहुतेक जण गोबी मंचुरियन खात हो म्हणत होते. पहिली लढत अर्ध्या मिनिटात संपली. जिंकलेला जाळीवर चढून छाती बडवू लागला आणि हरलेला खाली पडला होता, त्याच्याकडे डॉक्टर सोडून कुणी बघत नव्हतं.

माझ्या शेजारी पुण्याचा एक मुलगा होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, रविवारीसुद्धा. मी मराठी आहे कळल्यावर त्याने मला समजावलं की मॅडम, हेच रिअल मार्शल आर्ट, कराटे वगैरे म्हणजे बेसिकली डान्स आहे. मी त्याला विचारलं, तू काय शिकलास? तो म्हणाला, मी फॉलो करतो. याच्याइतकं प्रामाणिक वाक्य त्या शेडमध्ये दुसरं ऐकलं नाही. सगळेच फॉलो करत होते.

गार्गी आली. पिंजऱ्याच्या दाराशी थांबून तिने कमरेत वाकून नमस्कार केला. सवयीने. लोक हसले. समोरची मुलगी निपाणीची होती, ठेंगणी, रुंद खांद्यांची, लहानपणी कुस्ती केलेली. तिने नमस्कार बघितला आणि काय करावं न कळून हात हलवला.

पहिला राउंड गार्गीचा होता. लाथ अण्णा म्हणाले तशी माझी होती, आणि ती दोनदा बरगडीवर बसली. मी उभी राहिले होते हे मला शेजारच्या मुलाने खाली बसा म्हटल्यावर कळलं. दुसऱ्या राउंडमध्ये गार्गीने एक ठोसा मारला, सरळ, नाकावर, इतका स्वच्छ की कराटेच्या मॅटवर पंचांनी चारही झेंडे वर केले असते.

आणि ती थांबली.

मूठ कमरेशी ओढून घेतली, एक पाऊल मागे आली आणि क्षणभर पंचाकडे बघितलं. ते मी शिकवलेलं होतं. गुण मिळाला की थांबायचं, सरळ उभं राहायचं, पंचांची वाट बघायची. बारा वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, मी तिला तेच करायला लावलं होतं. जो विद्यार्थी थांबत नसे त्याला मी हॉलभर पळायची शिक्षा देत असे. इथे पंच काही बोलणार नव्हता. निपाणीच्या मुलीचा हात आला आणि गार्गीची भुवई फुटली. मग ती खाली, ती मुलगी वर, मग मागे, आणि गळ्याभोवती हाताचा वेढा. गार्गीने त्या हातावर दोन थापा मारल्या, म्हणजे हार मानली.

थापा पडल्या क्षणी वेढा सुटला. पंच पोचायच्या आधी. एवढा वेळ त्या पिंजऱ्यात जो असभ्यपणा चालला होता, त्यात ही एक गोष्ट मी मान्य करते. माझ्या वर्गात मी ‘थांबा’ म्हटल्यावरही एखादा ठोसा जातोच.

शेडच्या मागच्या खोलीत डॉक्टर टाके घालत होते. मी गार्गीचा हात धरून बसले होते. दार ढकलून निपाणीची मुलगी आत आली, नाकात कापूस, आणि शेजारी जमिनीवर बसली. तिने विचारलं लई लागलं काय, आणि स्वतःचं नाक दाखवून म्हणाली की तू मारलेलं पण काय कमी नाही. माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, ही थांबली होती, दिसलं नाही तुला?

तिने गार्गीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“थांबली होती व्हय? मला वाटलं दमली.”

गार्गी हसायला लागली. डॉक्टर हलू नको म्हणून ओरडले. मला हसू आलं नाही. मी उठून बाहेर आले.

सोमवारी परतीची गाडी संध्याकाळची होती. गार्गीने सुट्टी घेतली होती, म्हणून जयनगरला गेलो. येलहंकाहून हे शहराच्या दुसऱ्या टोकाला, दीड-दोन तास हाताशी ठेवा. बाजारात फुलं, साड्या, भांडी सगळं एका फेरीत होतं. साडीच्या दुकानातली अक्का गार्गीचा सुजलेला डोळा बघत होती. गार्गी आरशाकडे वळल्यावर तिने माझ्याजवळ येऊन कन्नडमध्ये हळूच विचारलं की नवऱ्याने मारलं का. मला मिरजेमुळे तेवढं कन्नड कळतं. मी म्हटलं, लग्न झालेलं नाही, खेळात लागलं. तिचा विश्वास बसला नाही. तिने गार्गीच्या पिशवीत एक गजरा फुकट टाकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवतेय.

स्टेशनवर गार्गीने सांगितलं की चार महिन्यांनी पुन्हा लढणार. मी तिला थांबवलं नाही. तसं करायला तोंड नव्हतं. फक्त म्हटलं, मारल्यावर मूठ हनुवटीशी आण, कमरेशी नको. एवढी वर्षं उलटं सांगून झाल्यावर.

मिरजेत तिच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. तिने फोटो मागितला, बोटांनी मोठा केला, भुवई नीट तपासली. टाके चांगले घातलेत, म्हणाली. मग फोन परत दिला आणि गेली. त्यानंतर रस्त्यात दिसली तरी बोलत नाही.

ती पिंजऱ्यातली मारामारी खरी युद्धकला आहे का, हे मला आता लोक विचारतात. नाही. धूर सोडून, शिव्यांचा सराव करून, रक्त हवंय का विचारून जे होतं त्याला मी कला म्हणणार नाही, अगदी माझी लाथ त्यात असली तरी. पण त्याच दमात ते माझ्या वर्गाबद्दल विचारत नाहीत, आणि मी आपण होऊन सांगायला लागले आहे. हॉलच्या दारावर ‘आत्मसंरक्षण’ असा फलक आहे. परवा प्रवेशासाठी दोन पालक आले, मुलींना घेऊन. मी त्यांना म्हटलं, इथे शिस्त येईल, अंग लवचिक होईल, पदकं मिळतील. रस्त्यात कुणी खरोखर अंगावर आलं तर काय होईल, ते मला माहीत नाही.

एकाने फॉर्म भरला. दुसऱ्याने घडी घालून खिशात ठेवला, आणि विचार करून सांगतो म्हणाला.