आप्पांचं बटण

आप्पांना लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. तहान लागली, कूस बदलायची आहे, पाठीला खाज सुटली, सगळं कळायचं. सांगता काहीच यायचं नाही. लोह्याजवळच्या आमच्या घरी ते बाहेरच्या खोलीत खाटेवर असायचे आणि माय कुठंतरी आत. डाव्या हातानं ते खाटेच्या पायपावर तांब्या आपटायचे, पण त्या आपटण्यात जीवच नव्हता. मायला ऐकू जाईपर्यंत बिचारे रडकुंडीला यायचे.

आधी बाजारातली बेल आणून बघितली. ती मेली लाईट आली की आपोआप गाणं म्हणायची. आमच्याकडं लाईटीचा काय भरवसा? माय पिठाचे हात घेऊन धावायची आणि आप्पा आपले घोरत असायचे. वैतागून तिनं ती बेल काढून टाकली. वायर ओढावी म्हटलं, तर माय एका जागी थोडीच बसते! आत्ता चुलीपाशी, आत्ता न्हाणीत, आत्ता गोठ्यात. बेल तिच्यासोबत फिरणारी पाहिजे होती.

मी लातूरला पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, दुसऱ्यांच्या पोरांची प्रोजेक्टं करून घेण्यात जन्म चालला, एक आपल्या बापासाठी करू. दोन छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतले आणि दोघांना एकेक रेडिओ मॉड्यूल जोडलं. आप्पांच्या हाताशी एक मोठं बटण, मायजवळ सेलवर चालणारी बेल. बटण दाबलं की इकडून एक अक्षर जाणार, तिकडं बेल वाजणार.

कसलं वाजतंय! आधी पडद्यावर नुसता कचरा यायला लागला. मी पाठवतेय साधं अक्षर आणि तिकडं उमटतायत चौकोन आणि प्रश्नचिन्हं. दोन्ही बोर्डांचा बोलायचा वेग वेगळा ठेवला होता मी, एक घाईनं बोलणारा आणि एक सावकाश ऐकणारा. वेग सारखा केला तर कचरा गेला आणि अक्षरही गेलं. मग दिसलं की वेग बदलताना काढलेल्या बोर्ड आणि रेडिओमधल्या वायरी मी परत सरळ जोडल्यात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचं असतं, मी तोंडाला तोंड जोडून बसले होते. पहिल्या वर्षाच्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. वायरी उलट केल्या आणि बेल वाजली. लॅबमध्ये एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

गावी नेऊन लावली. मायला म्हटलं, “एवढं एकच कर, हिला पाणी लागू देऊ नको.” आप्पांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. माय गोठ्यातून धावत आली. आप्पा अर्ध्या तोंडानं हसले. ती वळली की पुन्हा दाबलं. ती पुन्हा आली. “काय ओ, खेळ लावला का माझा?” असं म्हणून डोळ्याला पदर लावला तिनं. लकव्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं आणि मला लई बरं वाटलं.

मी लातूरला पोचते न पोचते तोच मायचा फोन. “अगं, वाजली न्हाई आज. आप्पा बटण दाबून दाबून रागाला आले.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आज वाजली बग.” त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाई. कधी वाजायची, कधी नाही. सरळ बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते हो, पण हे असं अधूनमधून बिघडणारं माणसाला वेडं करतं.

रविवारी एसटीनं गावी गेले. अंगणातच बेल ठेवलेली, पुसून लख्ख. बटण दाबलं, वाजली. गोठ्यात नेली, वाजली. न्हाणीत नेली, वाजली. लॅपटॉप खाटेवर ठेवून बसले, एक अक्षर चुकलं नाही. आप्पा माझ्याकडं असं बघत होते, जणू मीच खोटं बोलून राहिले. तरी सेल बदलले, अँटेनाची तार नीट डागून दिली. सोमवारी मायचा फोन, “वाजली न्हाई.”

पुढच्या खेपेला घरावरच्या पत्र्यांवर संशय घेतला. त्याच्या पुढच्या खेपेला बटणाला एकच अक्षर पुन्हापुन्हा पाठवायला लावलं. मायला विचारलं, “ठेवतेस कुठं तू हिला?” ती म्हणाली, “ठिवती कुठं? संगंच असती की माझ्या.” ते खोटं नव्हतं. मग मी शेवटचा उपाय केला. बेलीला अक्षर मिळालं की तिनं उलटा निरोप धाडायचा. निरोप आला तर आप्पांच्या बटणावर हिरवा दिवा, नाही आला तर लाल. आप्पांना बसून समजावलं, “हिरवा म्हणजे माय येतेय. लाल लागला तर तिला कळलेलं नाही, पुन्हा दाबा.” त्यांनी मान हलवली. माय तेव्हा धारा काढायला गेली होती, तिला दिव्यांचं काही सांगायचं राहून गेलं.

आप्पा गेले ते सकाळच्या उन्हात. दुसरा झटका आला. माय गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन चहा घेऊन आली तर मान कलंडलेली. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं. नांदेडच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, तर म्हणाले, शेजारी बसलेलं माणूसही काही करू शकलं नसतं. मी ते मायला सांगितलं. तिनं ऐकलंच नाही, कारण तिचं दुखणं वेगळंच होतं.

येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची. “बेल संगं व्हती माझ्या. वाजली न्हाई. म्हंजे बोलावलंच न्हाई मला.” बाया समजूत घालायच्या, झोपेतच गेले असतील, सुखाचं मरण आलं. माय मान हलवायची. “जन्मभर पाण्याचा तांब्या बी माझ्याबिगर घेतला न्हाई. आन जाताना हाक न्हाई मारली.” आणि मग, हिशोब लागत नसल्यासारखी, म्हणायची, “बटणावर नुसता लाल दिवा तेवढा लागून व्हता.”

लाल दिवा म्हणजे काय ते त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. त्यांनी बटण दाबलं होतं. तिला बोलावलं होतं, आणि ती येणार नाही हेही त्यांना दिसलं होतं. हे मी कुणाच्या तोंडावर सांगू?

तेराव्यानंतर मी लातूरला निघाले. माय आतून ओरडली, “कडीच्या डब्यात भाजी घाल, वाटंत खाशील.” मी खुंटीवरचा डबा काढला. जड लागला. झाकण घट्ट बसलेलं, उघडता उघडेना. आत धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली माझी बेल.

मी तशीच खाली बसले. आप्पांचं बटण आणून दाबलं. बेल वाजली, हिरवा दिवा. झाकण घट्ट लावलं आणि दाबलं. काही नाही. लाल दिवा. झाकण जरा सैल केलं, वाजली. स्टीलच्या बंद डब्यात रेडिओच्या लहरी पोचत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. ती बिचारी पाण्याशेणाच्या कामात लेकीची वस्तू जपत होती, हातात डबा घेऊन घरभर हिंडत होती, आणि मी येणार म्हटलं की बाहेर काढून पुसून ठेवत होती.

मागं चाहूल लागली. माय दारात उभी. “वाजली का गं आत्ता?” तिनं विचारलं. मग बेल माझ्या हातातून घेतली, रुमालात गुंडाळली. “डब्यातच ऱ्हाऊ दे. वली व्हईल.”

मी म्हटलं, “माय, आप्पांनी बटण दाबलं होतं. तो लाल दिवा त्याचाच. तुलाच बोलावलं त्यांनी.”

“मंग वाजली का न्हाई?”

“माझा प्रोग्रॅम चुकला होता.”

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा चिडली. माझ्या पाठीत दणका घातला. “इतकी शिकली आन एक बेल करता आली न्हाई तुला? माझा माणूस बोलावत व्हता मला!” आणि तिथंच भिंतीला टेकून रडली, मोठ्यानं, गळा काढून. आप्पा गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती. रडता रडता मधेच थांबून विचारायची, “खरंच बोलावलं?” मी म्हणायचे, “हाव.”

मला सोडायला ती फाट्यापर्यंत आली. वाटेत शेजारीण भेटली, तिला थांबवून मायनं सांगितलं, “बोलावलं व्हतं बया मला त्यांनी. हिची मशीनच नासकी निघाली.” शेजारणीनं माझ्याकडं बघितलं.

“हाव काकू,” मी म्हटलं, “माझंच चुकलं.”