डाव्या बाजूचे ओरखडे

माझे सासरे जयसिंहराव, म्हणजे आमचे आबासाहेब, यांच्याबद्दल मी आजवर जे जे कौतुकानं सांगत आले, ते सगळं मला आता पुन्हा तपासून बघावं लागतंय. खांडेनवमीच्या आदल्या दुपारी जो धक्का बसला, त्यातून मी अजून सावरलेली नाही.

आबासाहेब बहात्तर वर्षांचे. सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि इकडे हिंदी मुलखातच, थाटीपुरात घर बांधून राहिले. ताठ चालणं, पांढऱ्या मिशा, आणि स्वतःचं काम दुसऱ्याला न सांगण्याचा हट्ट. घराण्यातल्या तलवारींपैकी दोन उरल्यात. खांडेनवमीला त्या पूजेत बसतात आणि अंगणात गाडीलाही हार पडतो. टवका उडालेलं किंवा गंजलेलं शस्त्र पूजेत ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आता गाडी हे आबासाहेबांच्या लेखी शस्त्रच! त्यामुळे पूजेआधी तिच्या रंगावरचा एकूणएक ओरखडा निघालाच पाहिजे, आणि तोही घरी, स्वतःच्या हातानं. गाडी वर्कशॉपात द्यायची म्हणजे तलवार भाजी चिरायला दिल्यासारखं त्यांना वाटतं.

याच गाडीतून माझी नऊ वर्षांची उन्नती रोज शाळेत जाते आणि परत येते. नवरा समरजीत नोकरीपायी भोपाळला, मी दिवसभर बँकेत. आबासाहेब आहेत म्हणून मी निर्धास्त. सगळ्या कॉलनीला मी हेच ऐकवत असे.

आणि त्यांचा हात! आधी गाडी धुवून कोरडी करायची. मग ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा, मऊ कापडावर रबिंगची पेस्ट घेऊन गोल गोल घासलं की गेला. नख अडकलं तर भोवती चिकटपट्टी लावून ओला वॉटरपेपर, म्हणजे बारीक घासकागद, अगदी हलक्या हातानं फिरवायचा, मग गाडीच्याच कलर-कोडाचा मरून रंग टूथपिकच्या टोकानं भरायचा. एक थर, वाळू द्यायचा, दुसरा थर. वर पारदर्शक लॅकर, आणि पूर्ण वाळल्यावर पॉलिश. गेली दोन वर्षं तर ते डोळे मिटून, नुसत्या नखानं ओरखडे शोधत. "बघा, डोळे मिटून!" म्हणून मीच शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. काय म्हणावं माझ्या अकलेला!

त्या दुपारी सुट्टी होती, म्हणून मीही पदर खोचून मदतीला बसले. उजवी बाजू पाच मिनिटांत झाली, तिथे काही नव्हतंच. डावीकडे आले तर सात ओरखडे. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत. जरा तिरक्या उजेडात बघितलं तर गेल्या वर्षीच्या, त्याच्या आदल्या वर्षीच्या भरलेल्या रेघा दिसल्या. सगळ्या डाव्या अंगाला. मला अजूनही काही कळलं नव्हतं, एवढंच वाटलं की फाटक अरुंद आहे.

"झालं सूनबाई. आता हाथ फिरवून बघ, काही राहिलं नाही," सातही भरून झाल्यावर आबासाहेब म्हणाले.

पण मागच्या दारावर, गुडघ्याच्या उंचीला, वीतभर लांब खरवडल्याची खूण होती. पत्रा आत दबलेला आणि त्यात निळा रंग. मी रबिंगच्या कापडानं घासलं तर कापड निळं झालं.

"आबासाहेब, हा निळा रंग कशाचा?"

"कुठे?"

मी त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. त्याच बाजूनं चिकटपट्टी त्यांच्याकडे धरली, त्यांनी घेतली नाही. मी हात हलवला, त्यांच्या डाव्या गालापाशी नेला. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

"कधीपासून दिसत नाही तुम्हाला?"

ते म्हणाले, "दोन साल झाले. काचबिंदू. डाव्या डोळ्यात आता फक्त धुंद आहे, धुक्यासारखी. डॉक्टरनी गाडी बंद करायला सांगितली होती. पण परेशान होऊ नकोस, चाळीस साल गाडी चालवली आहे मी. रस्ता हाथाला माहीत आहे."

"माझी पोरगी असते त्या गाडीत!" मी ओरडले. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. मला राग आवरेना, आणि त्यांची कीवही येईना. दोन वर्षं हा माणूस रेघा बुजवत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून चहा देत होते.

माझा आवाज ऐकून उन्नती बाहेर आली.

"मम्मा, तू आबांना रागवू नको ना. डावीकडचं मी बघते. मैं बोलती हूँ, आबा रिक्शा, तो आबा गाड़ी साइड में ले लेते हैं. हमारा सीक्रेट है."

माझी नऊ वर्षांची मुलगी रोज दोन वेळा आजोबांचा डोळा होऊन शाळेत जात होती आणि तिनं मला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, याहून वाईट आता काही ऐकायचं उरलं नाही.

आबासाहेबांनी खाली वाकून, चाचपडत ती खूण शोधली. नख आत अडकलं.

"ही कधीची? मला तर मालूम नाही."

उन्नती म्हणाली, "वो मंगलवार की है. मला झोप लागली होती. आवाज आला म्हणून उठले."

"मंगळवारी? तो खड्डा होता, बेटा. मोरारच्या वळणावर."

"नाही आबा. सायकल होती. एक अंकल थे, पीछे टिफिन टँगा था. ते पडले."

आबासाहेब मडगार्डला धरून उभे राहिले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"उठले का ते?"

"पता नहीं," उन्नती म्हणाली. "आपण थांबलोच नाही."