सायीतलं केशर

केशराचा वास आला की मला अजूनही मळमळतं. लोक श्रीखंडात काड्या शोधून शोधून खातात, खुशाल खावोत. मी वाटी बाजूला सरकवते.

सुरुवात पोटात बाळ असताना झाली. मला आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच, वारज्याच्या फ्लॅटमध्ये. सासूबाई रोज केशराचं दूध घेऊन समोर उभ्या. "नाक दाबून पी, बाळ गोरं होतं." मी प्यायचे आणि बेसिनकडे धावायचे. पोरगी झाली ती छान सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. सासूबाईंनी दुपटं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "उजळेल हो. आता बाहेरून लावू." जशी काही भिंत होती आणि रंगाचा एक हात कमी पडला होता!

मग रोज अंघोळीआधी तो कार्यक्रम. खलात केशर घोटायचं, त्यात साय आणि डाळीचं पीठ घालायचं, आणि ते एवढ्याशा गालांवर खसाखसा चोळायचं. पोर टाहो फोडायची. साय गळ्याच्या वळ्यांत जाऊन बसायची आणि दुपारपर्यंत आंबायची. छातीशी घेतलं की नासलेल्या बासुंदीचा वास. शी! पोटच्या पोरीपाशी नाक मुरडायची वेळ आणली माझ्यावर. "नको ना आई," म्हटलं की उत्तर तयार: "तुला काय कळतंय? मुलीची जात आहे." नवऱ्याला सांगितलं, तर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "नॅचरल आहे गं, केमिकल थोडंच आहे." नॅचरल तर शेणही असतं.

बारशाच्या आदल्या दिवशी गाल लाल झाले. बारशाच्या सकाळी बघते तर हनुवटीपर्यंत पुरळ, कातडी ताणलेली, हात लावला की चटका बसेल इतकी गरम. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ. "पाहुणे यायला लागलेत," सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळी बघू." पोरीला पाळण्यात घातलं आणि एकेक बाई वाकून बघायला लागली.

"अगंबाई, काय गुलाबी झालीये!"

"केशराचा गुण हो," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या.

"कसं लावता ते सांगून ठेवा. आमच्या सुनेलाही सातवा लागलाय."

घुगऱ्या खाता खाता बायका सुजेचं कौतुक करत होत्या. लेकरू किंचाळत होतं आणि ह्यांना त्यात गोरेपणा दिसत होता! मला त्या सगळ्यांची शिसारी आली, त्यांच्या तोंडातल्या घुगऱ्यांचीसुद्धा. मी पोरीला उचललं आणि पैठणी नेसलेली तशीच खाली उतरून रिक्षा केली. आत्यानं कानात सांगायचं नाव राहून गेलं. राहू दे.

डॉक्टरांनी गाल पाहिले, मानेच्या वळ्या उघडून पाहिल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "बाळ वाढवताय की बर्फी करताय?" साधं कोमट पाणी आणि त्यांनी दिलेलं मलम, बाकी चेहऱ्याला काही लावायचं नाही, असं बजावलं. घरी येऊन मी आधी तो खल माळ्यावर टाकला.

गाल निवायला बरेच दिवस गेले. लाली उतरली, खपल्या पडल्या आणि खालून तिचा स्वतःचा रंग परत आला. मला इतका आनंद झाला की मी तिचे मुकेच घेत सुटले. सासूबाई मात्र तिला मांडीवर घेऊन नुसत्या बघत राहिल्या.

"गेली सगळी मेहनत पाण्यात," त्या म्हणाल्या. त्यांचा हात तिच्या गालावर होता. हाताचा आणि गालाचा रंग अगदी एक.

मी चिडूनच म्हटलं, "अहो आई, ही हुबेहूब तुमच्यावर गेलीय!"

त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र गालावरून काढून पदराखाली घेतला.

"म्हणूनच तर गं," म्हणाल्या.