एकच थाप खरी निघाली

नामदेव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या किराणा दुकानात रंगात आलो होतो. भिलाई-३ स्टेशनात मी नुसत्या शिट्टीनं मालगाडी थांबवली, इथवर गोष्ट आली होती. "फिर क्या हुआ, भैया?" दुकानदारानं विचारलं. पुढचं मला आठवेचना...

खुर्सीपारच्या वस्तीत आम्ही शेजारी, पोलादाच्या प्लांटात लोखंड वितळवणाऱ्या एकाच भट्टीवर, ब्लास्ट फर्नेसवर. माझ्या थापांना सारी वस्ती हसायची; नामदेव मात्र चौकशी करायचा. गाडी रिकामी होती का भरलेली? गार्ड काय म्हणाला? उत्तरं देता देता थाप आणखी फुगायची. खरं सांगतो, माझ्या निम्म्या थापा त्यानंच घडवल्या.

मागच्या हिवाळ्यात मोबाइलवर ताऱ्यांचा एक कार्यक्रम पाहिला आणि टपरीवर त्याला ऐकवला. जळून विझलेला एक तारा, श्वेत बटू म्हणतात त्याला. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढं. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत राहतो आणि भार सोसेनासा झाला की काही सेकंदांत फुटतो. त्या स्फोटात ढिगानं निकेल बनतं, निकेलचं कोबाल्ट आणि काही महिन्यांत कोबाल्टचं लोखंड. आपण उभ्या जन्मात वितळवलं, त्यातलं बरंचसं असंच बनलेलं.

"हट लेका! मेलेला तारा लोखंड देते?"

"तुह्या रक्तातलंबी तिथलंच असन."

"आता माह्या रक्तातबी घुसला तू!"

दुसऱ्या दिवशी आला तो पडेल चेहऱ्यानं. नागपूरला कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीला त्यानं फोन केला होता. "पोरगी म्हणते, खरं आहे. तू तर कमीच सांगून राहिला. अख्ख्या आकाशगंगेएवढा उजेड पडते म्हणे." मग त्यानं चहा बाकावर ठेवला. "अन् तो शेजारचा तारा? त्याचं काय होते?"

"वाचला तर भिरकावला जाते. एकटाच."

"हे तरी खोटं सांगाचं होतं, बावा."

त्याचं दुखणं त्याला तेव्हा कळलेलं होतं. मला नव्हतं.

परवा नामदेवाच्या घरी वहिनींकडे गेलो. त्यांना जरा हसू यावं म्हणून एक जंगी थाप मारली, की नामदेवानं राजहऱ्याच्या जंगलात अस्वलाला बिडी पेटवून दिली आणि दोघं एका दगडावर बसून ओढत राहिले. "हो का, भाऊजी?" वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "मले कधी बोलले नाही ते."

सगळं खरं धरलं त्यांनी. मी त्याच्या खुर्चीकडे तोंड करून थांबलो... अस्वलाला ठसका लागला का, हे विचारणारं घरात कुणी नव्हतं.