दोन भोंग्यांच्या मधले दिवस

लग्नानंतर आठ वर्षं मी नवऱ्याचं तोंड उजेडात पाहिलं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. सोलापुरात गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की हे घराबाहेर, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर परत यायचे ते केसांत कापसाची धूळ घेऊन. जेवले की तिथंच आडवे. घरात आम्ही दोघंच, तरी त्यांच्या डाव्या कानामागे तीळ आहे हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं.

मग तीस सालाच्या आसपास त्यांना धाप लागायला लागली. आधी मागावर उभं राहून, मग पाण्याची घागर उचलताना, मग बसल्या बसल्याही. पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. पेठेतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "हृदय थकलंय. गिरणी बंद. मीठ कमी. आणि रोज सकाळी औषधाचे दहा थेंब."

पाठ टेकली की त्यांचा जीव गुदमरायचा. म्हणून माझ्या वडिलांनी सांगोल्याहून दोन घोंगड्या पाठवल्या. त्यांची वळकटी पाठीशी लावून हे दारात बसायला लागले, आणि माझा संसार तिथून सुरू झाला. भोंगा वाजायचा आणि आमच्या घरातून कुणी जायचं नाही. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून सरकत चुलीपर्यंत यायची, ती बघण्यात आमची सकाळ जायची. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या सूत गुंडाळायच्या कांड्या मी घरी भरायला आणल्या होत्या. चरखा फिरत राहायचा, हे लहानपणच्या गोष्टी सांगत राहायचे, मध्येच माझं सूत तुटलं की म्हणायचे, "ह्या हाताला मागावर कुणी उभं केलं नसतं." मी फणकारायची. अळणी आमटी मीही त्यांच्याबरोबर खायची आणि माझं तोंड वाकडं झालं की ते हसायचे. दिवस कुठला आहे हेही कधी कधी आठवायचं नाही. इतकी सुखी मी माहेरीसुद्धा नव्हते.

दुखणं मात्र चढत उतरत होतं. कधी महिनाभर ते नळापर्यंत चालत जायचे, कधी आठ-आठ दिवस नुसते वळकटीला टेकून असायचे, चार शब्द बोलले तरी दम लागायचा. तेव्हा मी रडायची. आणि जरा सूज उतरली की म्हणायचे, "आता जमतंय बघ. थंडी सरली की कामावर जाणार." बसून खाल्लेला घास त्यांना गोड लागत नव्हता, हे मला दिसत होतं. मी मात्र थंडी किती उरली ते बोटांवर मोजायची.

सिद्धेश्वरापुढे हात जोडून मी मागायची, हे मरू नयेत, आणि फार बरेही होऊ नयेत. देवालाही माझी लाज वाटली असेल. एका सकाळी थेंब मोजताना नवव्यावर माझा हात थांबला. एक कमी पडला तर कुणाला कळणार होतं? मग माझा मलाच इतका राग आला, की दहावा थेंब पाण्यात पडेपर्यंत मी श्वास धरून ठेवला.

थंडी सरली आणि ते खरंच गेले. टोपी घालून, भोंग्याच्या आधी. घर खायला उठलं. दुपारी भाकरी बांधून मी गिरणीच्या फाटकाशी गेले, तर हे बाहेरच लिंबाच्या सावलीत बसलेले.

"कवापासनं बसलाय हितं?"

"भोंगा झाल्यापासनं. आत गेलोच न्हाय. फाटकापतूर आलो आन् पाय उचलंना."

एवढं बोलायलाही ते तीनदा थांबले. त्यांचे डोळे भरले होते. मी घाईनं पदर तोंडावर घेतला. त्यांना वाटलं असतं मी रडतेय, तर बरं झालं असतं.

"पदर काढ," ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "तुला बरं वाटलं न्हवं? खरं सांग."

खोटं बोलायला माझी जीभ कधी कचरली नाही. त्या दिवशी वळलीच नाही.

"व्हय," मी म्हणाले. "लई बरं वाटलं."

त्यांनी डोळे पुसले. भाकरीचं फडकं उचलून माझ्या हातात दिलं आणि उठायला माझा खांदा धरला.

"मग चल घरला."