गाडी उंच केली त्या वर्षी

आमची गाडी शहरासाठी केलेली होती. लहान, पांढरी, पाच माणसांची म्हणून विकलेली, पण चौथं बसलं की मागचे कुरकुरायला लागायचे. कोथरूडच्या सोसायटीतून ऑफिस, मंडई, दवाखाना आणि अधूनमधून कोल्हापूर, एवढंच तिचं काम. तिला दगडाधोंड्यांतून न्यायचं ठरलं ते एका फोनमुळे.

फोन आईला आला होता. आई प्राथमिक शिक्षिका होती. तिची पहिली नेमणूक वेल्ह्याच्या पुढे, एका वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत झाली होती. फोन करणारा तिचा तेव्हाचा विद्यार्थी. आता वाडीतच त्याचं किराणा दुकान आहे. आई भाजी निवडत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बाई, शाळा बंद व्हनार हाय. पोरंच उरली न्हाईत. तुमचा नकाशा हाय अजून भितीवर. येऊन बघून जावा."

त्या भिंतीवर आईने तालुक्याचा नकाशा स्वतः रंगवला होता. छापील नकाशात वाडी नव्हती, म्हणून तिने लाल ठिपका देऊन ती दाखवली होती. घरात सर्वांना ही गोष्ट पाठ होती. नकाशा मात्र आईखेरीज कोणी पाहिलेला नव्हता.

"डांबरी संपली की पुढं कार न्हाई येत," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी जीप येती. तिच्यातनं या."

"येते की," आई म्हणाली.

जीपमध्ये माणसं कोंबून नेतात, घरची गाडी असताना ते कशाला, असं मी म्हणालो. विषय तिथेच संपला.

थंडीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. पाबे घाट उतरून वेल्हे, आणि त्यापुढे डांबर संपेपर्यंत अडचण आली नाही. मग मातीची वाट, तिच्यात वर आलेला कातळ, आणि पलीकडे ओढा. पहिल्याच कातळावर गाडीच्या पोटातून खरवडल्याचा आवाज आला. इंजिनच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. वाकून पाहिलं तर चेंबरला पोचा आला होता आणि पोच्याच्या टोकाशी तेलाचा थेंब जमला होता.

आई उतरून उभी होती. वाडी समोरच्या टेपाडावर दिसत होती.

"मी चालत जाते," ती म्हणाली. "तू थांब गाडीपाशी. अंधाराच्या आत येते."

"ऊन आहे आई. गाडी नीट करून घेऊ. पुढच्या वेळी थेट शाळेच्या दारात उतरवतो तुला."

"दारात कोणी उतरवलं नव्हतं मला तेव्हा. चालतच जायचे."

एवढं बोलून ती गाडीत बसली. आधी सीटवर टेकली, मग दोन्ही पाय उचलून आत घेतले. त्यात लक्ष देण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

बिबवेवाडीत एक गॅरेज आहे. शनिवार-रविवारी डोंगरात जीप घालणारे लोक तिथे गाड्या उंच करून घेतात. मालक पन्नाशीचा, बोलका. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, हिनं डोंगर चढायचाय?"

"डोंगर नाही. शाळेत जायचंय."

"मग ॲडमिशनचं आधी बघा. वय गेलंय हिचं."

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने क्रम ठरवून दिला: घरखर्चातून उरेल तसं एकेक काम करायचं. आधी पोचा काढून इंजिनखाली लोखंडी पत्रा. मग जुने टायर झिजले की कागदपत्रांत बसतील तेवढेच मोठे, खोल खाचांचे टायर. त्यानंतर पुढच्या-मागच्या स्प्रिंगांवर जाड चकत्या, म्हणजे गाडी उचलली जाईल. शेवटी बंपरचा खालचा ओठ कापायचा, कारण चढ लागला की तोच आधी टेकतो. एका वेळी सगळं केलं तर आठवड्याचं काम होतं. तसं आम्हाला जमणार नव्हतं. पोचा लगेच काढला, पत्रा उन्हाळ्यात बसला. टायर झिजेपर्यंत पाऊस आला, आणि पावसात ती वाट बंदच असते. चकत्या श्रावणात आल्या.

या कामात मजा होती, हेही नोंदवायला हवं. बावधनच्या मागच्या टेकडीवर रविवारी सकाळी गाडी घालून पाहणं, टायरमधली थोडी हवा कमी केली की ती दगडाला कशी चिकटते ते कळणं, कुठलं चाक कुठे टाकायचं हे आधी उतरून बघण्याची सवय लागणं. ऑफिसात लोक चौकशी करू लागले. आईही जेवताना विचारायची, "कुठवर आली शाळा?"

त्याच महिन्यांत इतर गोष्टीही घडत होत्या. आई जिन्याचा कठडा धरून उतरू लागली. पूजेला पाटाऐवजी खुर्ची घेतली. भाजीला खाली जाण्याऐवजी भाजीवाल्याला वर बोलवू लागली. वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या छोट्या बातम्यांसारखं ते होतं. एकाच वार्ताहराने एकत्र लिहिलं असतं तर मथळा मोठा झाला असता.

चकत्या बसवल्यावर मालकाने चाचणी घेतली. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते पाहायचं होतं. "आईंचं वजन किती?" त्याने विचारलं, आणि शेजारच्या दुकानातून तेवढ्या वजनाचं तांदळाचं पोतं आणवलं. दोन कामगारांनी ते उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. कात्रजच्या बाजूला एका खाणीच्या वाटेवर आम्ही पोत्याला फिरवून आणलं. काही घासलं नाही. मालकाने जमिनीपासून पत्रा मोजला, बंपर मोजला, मागचा पाइप मोजला. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. जमिनीपासून सीट दोघांपैकी कोणी मोजलं नाही. पोतं चढलं नव्हतं, ते उचलून ठेवलं होतं, हेही तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. घरी ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगितली. आई हसली होती.

दसऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुऊन रांगेत उभ्या राहतात. आमच्या गाडीला झेंडूचा हार घातला. आईने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवायला सांगितली. शेजारच्या विंगमधले एक काका स्कूटर पुसता पुसता म्हणाले, "काय हो, जागा तीच, मजले वाढवलेत वाटतं. परवानगी काढलीत ना?"

आमच्याकडे पूजा झाली की लिंबांवरून गाडी पुढे घेतात, तेव्हा पहिली आई बसते. मी दार उघडलं. तिने एक हात दाराला आणि एक सीटला धरला, आणि नेहमीप्रमाणे आधी टेकायला गेली. सीट आता तिला टेकता येईल त्यापेक्षा उंच होतं. मग तिने उजवा पाय उचलला. तो उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला.

"पाट आणा," ती म्हणाली. पाट आणला. पाटावर उभं राहून तिने पाय आत ठेवला, पण त्या पायावर भार देऊन वर उठायचं होतं आणि गुडघा ते करेना. ती तशीच उभी राहिली, एक पाय गाडीत, एक पाटावर. काकांनी स्कूटर पुसणं थांबवलं होतं. मग तिने पाय खाली घेतला.

"राहू दे. सणाचा दिवस आहे. पानं वाढायची आहेत."

लिंबांवरून गाडी मी एकट्यानेच घेतली.

मालकाने उपाय सुचवला: दाराखाली लोखंडी पायरी. ती लावली. पण चढायला सोपी व्हायची तर पायरी खाली हवी, आणि खाली आली की ती कातळाला लागणार, म्हणजे वर्षभर मिळवलेली उंची गेली. म्हणून ती काढून टाकली. शिवाय तोवर डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहून धक्के टाळायला सांगितलं होतं. शेवटचा उपाय माझा होता.

"मी आणि वॉचमन तुला उचलून बसवतो. तिथे पोचलो की तुझा विद्यार्थी आणि मी उतरवतो."

"पोतं बसलं होतं ना तिथे?" आई म्हणाली. "मग त्यालाच ने. त्याला गुडघे नाहीत."

दिवाळीनंतर मी एकटाच गेलो. गाडीने सगळं बरोबर केलं. कातळावरून एकेक चाक टाकत ती गेली, ओढ्यात अडकली नाही, खालून एकदाही आवाज आला नाही. दुकानदार वाटेवर येऊन थांबला होता. त्याने माझ्याशेजारच्या सीटकडे पाहिलं, मग मागच्या.

"बाई कुठंयत?"

"गुडघे दुखतात. चढता येत नाही गाडीत."

"कवापासनं? गेल्या साली तर फोनवर येते म्हनल्या व्हत्या." त्याने दाराच्या उंबऱ्यावर हात ठेवला. "जीपला मागनं पायरी असती. आमची म्हातारी तिच्यातनंच येती-जाती. पोरं हात देत्यात."

शाळेला कुलूप होतं, किल्ली त्याच्याकडे होती. नकाशा होता. निळा रंग उडाला होता, नद्या पांढुरक्या झाल्या होत्या, लाल ठिपका मात्र स्पष्ट होता. मी फोटो काढले: पूर्ण भिंत, नकाशा, ठिपका. व्हिडिओ कॉल करून आईला दाखवायचं ठरवलं होतं, पण तिथे रेंज नव्हती.

घरी आईने फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"रंग टिकलाय," ती म्हणाली. मग फोटो खाली सरकवत राहिली. भिंत जिथे संपत होती तिथे फोटोही संपत होता. "शेजारच्या भिंतीवरचं, खिडकीखालचं नाही घेतलंस?"

"काय होतं तिथे?"

"पहिलीतल्या मुलांचे अंगठे. रंग उरला होता, तो वाया कशाला घालवायचा? प्रत्येकाने एकेक अंगठा उठवला होता. मी ते बघायला जाणार होते. नकाशा काय, पाठच आहे मला."

हे तिने कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पुढल्या खेपेला या, दाखवतो. पुढच्या खेपेला रजा मिळाली तोवर शाळेची खोली धान्य ठेवायला दिली गेली होती आणि आतून चुना मारून झाला होता.

त्या उन्हाळ्यात गाडी परत बिबवेवाडीला नेली. मालकाने चकत्यांवर हात फिरवला.

"काढायच्या? चांगल्या बसल्यात साहेब. किती खाली घेऊ?"

"पहिल्यासारखी."

"आणि टायर?"

"तेही."

हे काम एका दुपारीत झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मी आईसाठी दार उघडलं. तिने काठी माझ्याकडे दिली, सीटवर टेकली, मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेतला. पदर सावरला. पट्टा लावून घेतला.

"बसले," ती म्हणाली. "आता कुठे?"

त्या दिवशी आम्हाला कर्वे रोडला फिजिओथेरपीला जायचं होतं. तेच मी सांगितलं.