दरवाजाच्या दगडावरचं कुंकू

म्हैसूरला मी इतिहास शिकवत होते तेव्हा माझं ठाम मत होतं, आजही आहे, की किल्ला फळ्यावर शिकवता येत नाही. म्हणून दरवर्षी आठवीचा वर्ग घेऊन मी श्रीरंगपट्टण गाठायची. हेडमास्तरांना हे फिरणं पटत नसे. "एक तक्रार आली की सगळं बंद," त्यांनी बजावलं होतं. येणारच नाही, मी छातीठोकपणे सांगितलं. माझी मुलं भिंतीवर नावं कोरणाऱ्यांतली नव्हती.

त्या वर्षीही तटाशी पोचल्यावर मी नेहमीचं भाषण ठोकलं: हे दगड सरकारने जपलेत, कुणीही हात लावायचा नाही. बोलता बोलता दरवाजापाशी आले. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले शिपाई. किल्ल्यात शिरण्याआधी दरवाजाच्या दगडाला कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. एरवी घरच्यांबरोबर आले की मी लपूनछपून लावायची. त्या दिवशी हात आपला आपण पर्समध्ये गेला आणि दगडावर लालभडक बोट उमटलं.

राखणदार शिट्टी फुंकत धावत आला. "यारु माडिद्दु इदु?" कुणी केलं हे, म्हणून तो मुलांवरच खेकसला. मग माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी पुढे झाली आणि बेधडक म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा होतंच ते."

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, कबूल करते. पाठोपाठ इतकी लाज वाटली की कान तापले. पुरावा कशाला म्हणतात ते मी तिला वर्षभर शिकवलं होतं, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. "मी लावलं," मी राखणदाराला म्हटलं, आणि त्याच्या वहीत शाळेचं नाव माझ्याच हाताने लिहिलं.

चार दिवसांनी तक्रार हेडमास्तरांच्या टेबलावर आली.

"नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं, मिस?"

"वर्गाला कळलेलंच होतं, सर."

हेडमास्तरांनी तक्रार फाईलला लावली. मग पुढच्या सहलीच्या, पक्षी अभयारण्याच्या अर्जावर त्यांनी सही केली आणि खाली शेरा मारला: शिक्षिकेवर लक्ष ठेवावे.

तो शेरा मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलं खो खो हसली. ती मुलगी तेवढी हसली नाही. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी ठेवते, मिस."